शुश्रूषा आणि पितृत्व : मराठी वाङ्मयातील एक न लिहिलेले प्रकरण

मराठी वाङ्मयात आईने जेवढी जागा व्यापली आहे तेवढी बापाच्या वाट्याला आली नाही, ही तक्रार जुनी आहे आणि बव्हंशी खरीही आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी घरांतल्या तीन-चार पिढ्या तिच्या संस्कारात वाढल्या. बापाविषयीचे तसे सर्वमान्य पुस्तक आपल्याकडे फार उशिरा आले. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या पुस्तकाने कष्टकरी बापाला कथनाच्या मध्यभागी आणून बसवले, हे त्याचे मोठेच श्रेय होय. तथापि या तक्रारीचा एक कोपरा अद्याप अंधारात आहे, आणि त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे एवढाच आमचा हेतू आहे. दुसऱ्याच्या आजारी देहाची सेवा करणे हाच ज्याचा रोजचा व्यवसाय आहे, असा पुरुष जेव्हा स्वतः बाप होतो, तेव्हा त्याच्या मनात काय घडते, हे आमच्या वाङ्मयाने कधी लिहिले आहे काय?

हा प्रश्न निंबर्ग्यात बसून विचारण्यास कारण आहे. आपल्या या सीमाभागातील मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या शेतीवर, वतनावर, पुढे शाळामास्तरकीवर आणि कचेरीतील नोकरीवर राहिली. आता त्याच घरांतील मुले कलबुर्गीला किंवा सोलापूरला जाऊन नर्सिंगचे शिक्षण घेतात आणि दवाखान्यात नोकरीला लागतात. मात्र सोयरीक जुळवताना मुलगा काय करतो असे कोणी विचारले, की “दवाखान्यात असतो” एवढेच उत्तर दिले जाते आणि विषय बदलला जातो. ज्या गोष्टीचे नाव घेताना घर संकोचते, तिच्याविषयी साहित्य सहसा बोलत नाही. हा संकोच कोठून आला आणि त्याने आपल्या वाङ्मयाचे काय नुकसान झाले, हे पाहणे समीक्षेचे काम आहे, असे आम्ही मानतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ या धातूपासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ त्याला नंतर चिकटला. आपल्या कानडी शेजाऱ्यांनी हाच शब्द व्यवसायाला दिला. त्यांच्याकडे ‘शुश्रूषकी’ आहे तसा ‘शुश्रूषक’ही आहे. मराठीने ‘परिचारिका’ हा शब्द स्वीकारला आणि तो स्त्रीसाठीच रूढ केला. त्याच्या जवळचा पुल्लिंगी शब्द ‘परिचर’ घेऊ जावे तर सरकारी कचेरीतला शिपाई असा अर्थ निघतो. म्हणून रुग्णालयात पुरुषाला ‘ब्रदर’ म्हणतात. ‘सिस्टर’ आणि ‘ब्रदर’ ही दोन्ही नाती भावंडांची आहेत. भाऊ म्हणून तो वॉर्डात येऊ शकतो. त्याच्या बापपणाला मात्र तेथे नाव नाही.

प्राचीन शास्त्रात अशी स्थिती नव्हती. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रुग्ण. यांतील उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे त्याचे चार गुण होत. येथे अनुराग हा कौशल्याच्या यादीतच बसवलेला आहे आणि तो पुरुषाकडून अपेक्षिलेला आहे. परिचर्या हे केवळ बायकांचे काम, हा समज आपल्याकडे आधुनिक काळात अधिक पक्का झाला. त्याची एक बाजू उजळ आहे, हे विसरता येणार नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली आणि कित्येक विधवांना मानाची भाकर मिळवून दिली. परंतु एक दार उघडताना दुसरे नकळत लोटले गेले.

आता आपल्या कथापरंपरेकडे वळू. सेवा करणारे पुरुष तिच्यात भरपूर आहेत. श्रावणबाळाने आंधळ्या आईबापांची कावड खांद्यावर वाहिली. पुंडलिकाने आईबापांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून दारी आलेल्या देवाला विटेवर उभे केले. आपल्या परिसरात घरोघरी ज्याचा सप्ताह होतो त्या ‘गुरुचरित्रा’च्या आरंभीच दीपकाची कथा येते. वेदधर्म या गुरूला काशीत कुष्ठ झाले, अंधत्व आले. बाकीचे शिष्य मागे सरले आणि एकट्या दीपकाने एकवीस वर्षे त्या किरकिऱ्या, शिवीगाळ करणाऱ्या रुग्णाच्या जखमा धुतल्या, त्याच्यासाठी भिक्षा मागितली. भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापुरी जाणाऱ्या आपल्या लोकांना ही कथा तोंडपाठ आहे. व्यवसाय म्हणून नव्हे, पण कर्म म्हणून पाहिले तर दीपक हा मराठी वाङ्मयातील पहिल्या पुरुष शुश्रूषकांपैकी एक होय.

पण या तिघांत एक साम्य आहे. तिघांचीही सेवा खालून वर जाते : मुलाकडून आईबापांकडे, शिष्याकडून गुरूकडे. वरून खाली, बापाकडून लेकराकडे जाणारी सेवा यांत कोठेही नाही. श्रावण आणि दीपक यांना तर लेकरेच नाहीत. बापाने मुलाचे अंग पुसले, रात्र रात्र त्याला मांडीवर घेऊन तो बसला, असे चित्र जेथे येते तेथे परंपरा त्या पुरुषाचे नावच बदलून टाकते. पंढरीचा विठ्ठल भक्तांचे लाड करू लागला की ‘विठाई’ होतो आणि ज्ञानदेव ‘माउली’ होतात. ही संतांची थोरवीच आहे. पुरुषात मातृत्व पाहण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. परंतु तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोवळीक दाखवणाऱ्या पुरुषाला आई म्हटल्याने ‘बाप’ हा शब्द होता तेथेच राहिला, कोरडा आणि दूरचा.

या पार्श्वभूमीवर तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका पुन्हा वाचण्यासारखी आहे. माती तुडवता तुडवता नामात दंग झालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचे रांगते मूल येते. पुढे पत्नीने घातलेली शपथ मोडल्याचे प्रायश्चित्त म्हणून ते आपले हात तोडून टाकतात, आणि अखेरीस पंढरीच्या कीर्तनात हात आणि मूल दोन्ही परत मिळतात. कीर्तनकार ही कथा भक्तीच्या तल्लीनतेसाठी सांगतात आणि ते योग्यच आहे. पण ती कामात बुडालेल्या बापाचीही कथा आहे. घरची बाई पाण्याला गेली आहे, बाप कामावर आहे आणि मूल त्या दोहोंच्या मधल्या जागेत रांगते आहे. हात आणि मूल एकाच वेळी परत मिळावेत, यात लोकप्रतिभेची मोठी जाण आहे. मूल उचलून घेण्यासाठी हात लागतात, हे तिला पक्के ठाऊक होते. दुर्दैवाने आपण या कथेतली तल्लीनता उचलली आणि हात विसरलो.

शुश्रूषा करणारा पुरुष आणि बाप ही दोन माणसे एकाच देहात प्रत्यक्ष भेटतात ती आधुनिक काळात, आणि त्यांची सर्वांत सविस्तर नोंद गांधीजींच्या आत्मकथेत आहे. मूळ ग्रंथ गुजराती असला तरी सीताराम पुरुषोत्तम तथा आप्पासाहेब पटवर्धन यांच्या अनुवादामुळे तो मराठी वाचकांच्या घरचाच झालेला आहे. या ग्रंथाकडे राजकीय किंवा नैतिक दृष्टीने पुष्कळांनी पाहिले. एका शुश्रूषकाचे आत्मकथन म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले गेले.

त्यात शुश्रूषा आणि पितृत्व यांची गाठ तीनदा पडते. पहिल्यांदा १८८५ साली. सोळा वर्षांचा मोहनदास आजारी वडिलांची जखम धुतो, औषधे करतो, रोज रात्री त्यांचे पाय चेपतो. एका रात्री चुलते त्याला झोपायला पाठवतात. तो गर्भवती पत्नीच्या खोलीत जातो आणि काही मिनिटांतच वडील गेल्याची हाक येते. पुढे जन्मलेले मूलही तीन-चार दिवसच जगते. लेखकाने या प्रसंगाला दुहेरी लाजेचे नाव दिले आहे. सेवा आणि संसार यांचे वैर त्याच्या मनात येथे रुजले, असे आम्हांस वाटते.

दुसरी गाठ दरबानमध्ये. दारी आलेल्या एका कुष्ठरोग्याच्या जखमा बांधण्यापासून ही ओढ वाढते. पारशी रुस्तुमजींच्या दानातून चाललेल्या आणि डॉ. बूथ यांच्या देखरेखीखालील छोट्या धर्मादाय रुग्णालयात तरुण बॅरिस्टर रोज सकाळी तास-दोन तास काम करू लागतो. रुग्णांच्या तक्रारी ऐकून घेणे, त्या डॉक्टरांना सांगणे, औषधे देणे हे त्याचे काम होते. शुश्रूषेचा मूळ अर्थ ऐकणे हा होय, असे आम्ही वर म्हटले. येथे तो अर्थ अक्षरशः जिवंत होतो. १८९९ च्या अखेरीस बोअर युद्धात सुमारे अकराशे हिंदी लोकांचे पथक जखमींना वाहून नेण्यासाठी उभे राहिले, तेव्हा हाच अनुभव उपयोगी पडला. आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २२ मे १९०० रोजी, धाकटा मुलगा देवदास जन्मला. वेणा अचानक सुरू झाल्या, डॉक्टर वेळेवर मिळेना, आणि प्रसूती बापाने स्वतः पार पाडली. त्यासाठी त्याने डॉ. त्रिभुवनदास यांचे आईला उपदेश करणारे गुजराती पुस्तक आधी मन लावून वाचलेले होते. बापाने वाचलेले ते पुस्तक आईसाठी लिहिलेले असावे, हेही या विषयाला साजेसेच आहे.

या प्रसंगाचे लेखन मात्र समीक्षकाला अडवते. आपण घाबरलो नाही, एवढे सांगून लेखक पुढे जातो. स्वतःच्या हातांत स्वतःचे मूल आल्यावर काय वाटले, त्या क्षणी कस्तुरबा काय म्हणाल्या, काहीच नाही. बाळाला न्हाऊमाखू घालण्याचे काम आपण केले हे तो अभिमानाने नोंदवतो. त्या कामाचा स्पर्श मात्र शब्दांत येत नाही. बाराबंदीच्या गाठीपासून तान्ह्या मानेखाली हात धरण्यापर्यंत ज्या शेकडो बारीक गोष्टी बाप शिकतो, त्या येथे एका वाक्यात आटोपतात.

तिसरी गाठ १९०६ सालची. झुलू बंडाच्या वेळी, फटके खाऊन जखमी झालेल्या झुलूंची शुश्रूषा करताना, मैलोन्‌मैल चालताना, लेखक अशा निष्कर्षाला येतो की संतती वाढवणे आणि समाजाची सेवा करणे ही दोन्ही एकत्र जमणारी नाहीत. पत्नी त्या वेळी गरोदर असती तर आपण या कामात स्वतःला झोकून देऊ शकलो नसतो, हे त्याचे गणित. ब्रह्मचर्याचे व्रत येथून निघते. शुश्रूषकाने बापाला घराबाहेर काढले, असे या प्रकरणाचे वर्णन करता येईल.

त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मराठी रंगभूमीने विचारला. दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवरून अजित दळवी यांनी लिहिलेले ‘गांधी विरुद्ध गांधी’ हे नाटक गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात गाजले. थोरला मुलगा हरिलाल आणि त्याचे वडील यांचा संघर्ष त्यात आहे. जगातल्या जखमा धुणारा माणूस स्वतःच्या मुलाची जखम ओळखू शकला नाही काय, असा हरिलालच्या तक्रारीचा गाभा. या नाटकाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मात्र त्यात प्रश्न महात्म्याचा आहे. रोज आठ तासांची पाळी करून घरी येणाऱ्या माणसाला महात्मा व्हायचे नसते; त्याला दोन्ही कामे सांभाळायची असतात. त्याचा पेच वेगळा आणि आमच्या मते अधिक सार्वत्रिक आहे.

महाराष्ट्रातले या जातीचे सर्वांत थोर उदाहरण बाबा आमटे यांचे. वरोऱ्याचा हा वकील तुळशीराम नावाच्या मरणासन्न कुष्ठरोग्याला पाहून प्रथम भयाने पळाला, मग परतला आणि त्याने अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. साधनाताईंशी विवाह १९४६ साली झाला. विकास १९४७ आणि प्रकाश १९४८ साली जन्मले. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची, आणि आनंदवनाचा आरंभ दोन लहानग्यांना बरोबर घेऊन झाला. कुष्ठरोगाचे नाव घेताच गावे रस्ता बदलत होती, त्या दिवसांत जखमा धुतलेल्या हातांनी बापाने स्वतःच्या मुलांना उचलून घेतले. औषधे नवीनच येत होती, भय मात्र जुनेच होते. मराठीतील एका महान आत्मकथनाचा हा विषय होता.

तो लिहिला गेला, पण साधनाताईंकडून. ‘समिधा’ हे नावच सांगते की यज्ञ कोणाचा आणि त्यात जळले कोण. त्या पुस्तकाचा मोठेपणा असा की सेवेच्या ज्वाळेमागे कोणीतरी चूल सांभाळत होते, हे ते कोणावरही ठपका न ठेवता सांगते. मुलांच्या तापाची रात्र, अन्नाची ओढ, जंगलातला एकांत हे सारे आईच्या बाजूने आपल्यापर्यंत येते. बापाची बाजू आपणास आनंदवनाच्या इतिहासातूनच शोधावी लागते. पुरुषाने लिहिले तर कार्य, स्त्रीने लिहिले तर घर, ही वाटणी एवढ्या थोर दांपत्याच्या बाबतीतही सुटली नाही.

या वाटणीला मराठीत ज्यांनी खरा छेद दिला त्यांत अनिल अवचट यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. वैद्यकीय शिक्षण घेऊनही ते व्यवसायात रमले नाहीत, पत्नी डॉ. सुनंदा नोकरी करीत आणि घरातले, दोन मुलींचे बरेचसे काम त्यांनी आपलेसे केले. मुलींविषयी आणि पुढे पत्नीच्या कर्करोगाविषयी त्यांनी साध्या, अनलंकृत मराठीत लिहिले. २०२२ साली ते गेले. बाप म्हणून मुलांची काळजी घेताना स्वतःला आई म्हणवून घेण्याची गरज नाही, हे त्यांच्या गद्याने दाखवले. पण तेही लेखक होते. वेळ त्यांच्या हातात होता. नोकरीच्या पाळ्यांत अडकलेल्या शुश्रूषकाचे काय?

त्याची स्थिती थोडक्यात अशी. शासकीय नोकरीत बापाला रजा मिळते ती केंद्र सरकारच्या १९९९ च्या नियमाने १५ दिवसांची. आईची रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली. खाजगी रुग्णालयात राबणाऱ्या बापासाठी तशी कायदेशीर तरतूद झालेली नाही. २०१९ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांच्या भरतीत परिचर्येच्या पदांपैकी ८० टक्के पदे स्त्रियांसाठी ठेवण्याचे ठरले. म्हणजे या व्यवसायात पुरुष हा अपवाद, हे धोरणानेही मान्य केले. दुसरीकडे आपल्या रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, धुरी, वेखंड आणि म्हाताऱ्या बायका. पाचवीला सटवाईची पूजा. बापाने बारशाला नवे कपडे घेऊन यायचे. ज्याने आठवडाभर दुसऱ्यांची अर्भके काचेच्या पेटीत सांभाळली, ज्याला बाळाचा श्वास मोजता येतो, अंगावरची कावीळ नखाच्या कडेला दिसते, तो सासुरवाडीच्या ओसरीवर पाहुण्यासारखा चहा पीत बसतो. धुरीने बाळाचे डोळे लाल झालेले त्याला दिसतात. बोलावे तर जावई आगाऊ ठरतो. न बोलावे तर त्याचे शिक्षण त्याला गप्प बसू देत नाही.

यापेक्षा मोठे नाट्य कादंबरीकाराला आणखी कोणते हवे? येथे ज्ञान एका बाजूला आहे, रीत दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंच्याही पोटी माया आहे. म्हातारीची धुरी ही तिची शुश्रूषाच असते, हे समजण्याइतका तो बाप शहाणा असेल, तर त्याच्या मनातला झगडा अधिकच खोल होईल. त्यात आणखी एक गोष्ट. सामान्य बाप अज्ञानामुळे निश्चिंत असतो. शुश्रूषकाला काय काय बिघडू शकते ते सारे ठाऊक असते. प्रत्येक तापात त्याला आपल्या वॉर्डातली खाट दिसते. ज्ञानाने भय जाते असे आपण मानत आलो. बापाच्या बाबतीत ज्ञान भयाला नेमके नाव देते, एवढेच.

नामकरणाची जुनी खोड विज्ञानालाही सुटलेली नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा येथे सुरू झाली आणि जगभर पसरली. बापाच्या छातीशीही बाळाला तशी ऊब मिळते आणि अनेक ठिकाणी बापही हे करतात. तरी तिचे रूढ नाव ‘कांगारू मातृसेवा’ असेच आहे. पंढरपूर ते बोगोटा, पुरुषाची कोवळीक आईच्या नावावर जमा होते.

आता कोणी म्हणेल की वाङ्मयाने प्रत्येक व्यवसायाची हजेरी घ्यावी काय. आमचे म्हणणे तसे नाही. दलित आत्मकथनांनी मराठीला जे दिले ते व्यवसायांची यादी वाढवून दिले नाही. न बोललेल्या देहाला त्यांनी बोलते केले. शुश्रूषा करणाऱ्या बापाजवळ असेच काही न बोललेले आहे. परक्याचे मलमूत्र काढताना न शिसारणारा हात आणि स्वतःच्या तान्ह्याला प्रथम उचलताना थरथरणारा हात एकच आहे. या दोन स्पर्शांमधला फरक ज्या गद्याला सांगता येईल, ते मराठी गद्य आजच्यापेक्षा समृद्ध असेल.

आणि ते लिहिण्यास आपल्या सीमाभागाइतकी योग्य जागा दुसरी नाही. येथला शुश्रूषक वॉर्डातील म्हातारीशी कानडीत बोलतो, शेजारच्या खाटेवरच्या चाचांना दखनीत धीर देतो, नोंदवहीत इंग्रजीत लिहितो आणि घरी येऊन मुलाला मराठीत जोजवतो. एवढ्या भाषांतून ऐकण्याची सवय झालेला कान लेखकाला सहसा मिळत नाही. आपल्या मंडळाच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा मुलगा, जावई किंवा पुतण्या असेल, त्यांना आमची विनंती आहे की “दवाखान्यात असतो” या उत्तरावर थांबू नये. तो तेथे काय करतो ते सोयऱ्यांना सरळ सांगावे, आणि सुटीच्या दिवशी त्याच्यापुढे कागद ठेवावा. भाषा शुद्ध नसली तरी चालेल. ती तपासून देण्यास मंडळात जुनी माणसे पुष्कळ आहेत.